संगणक-शंका : कनेक्शन नेमके कुठे अडले?

ऑक्टोबरातला विजांचा पाऊस सरला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हटकून वाढते : प्रोग्रॅम उघडतो, पण डेटाबेसशी जोडला जात नाही. यंदा दुकानदारांच्या जोडीला विद्यार्थी आणि नोकरी करणारे डेव्हलपरही आहेत, म्हणून हा अंक याच प्रश्नांना दिला आहे. पुढच्या वेळी लिहिणाऱ्यांना एकच विनंती. ‘एरर येतो’ एवढे लिहून थांबू नका, पडद्यावरचे वाक्य जसेच्या तसे उतरवून पाठवा. तुमची हाक कुठवर पोचली आणि कुठे अडली, ते त्या वाक्यातच असते. ते न वाचता सॉफ्टवेअर काढून परत टाकण्यात लोकांचे दिवसच्या दिवस जातात, आणि माझा जीव तुटतो.

प्रश्न : ताई, म्हापशात आमचे इलेक्ट्रिकल सामानाचे दुकान आहे. एक कॉम्प्युटर काउंटरवर, दुसरा आत गोदामाला लागून. बिलिंगचा सगळा डेटा आतल्यावर, एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या मोफत डेटाबेसमध्ये. वीज पडून राउटर जळाला, नवा बसवला. तेव्हापासून आत बिले निघतात, पण काउंटरवर ‘एरर २६ – एरर लोकेटिंग सर्व्हर ऑर इन्स्टन्स स्पेसिफाइड’ असे येते. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणतो, दोन्ही मशीन फॉरमॅट करावी लागतील. डेटा जाईल का? – एक दुकानदार, म्हापसा

उत्तर : फॉरमॅट मुळीच करू देऊ नका. आत बिले निघताहेत, म्हणजे डेटाबेस ठणठणीत आहे. बिघाड आहे तो दोन मशीनच्या मधल्या वाटेवर, आणि वाट दुरुस्त करायला हार्डडिस्क पुसावी लागत नाही.

तरीही हात लावण्यापूर्वी बॅकअप घ्या. आतल्या कॉम्प्युटरवर मॅनेजमेंट स्टुडिओ (एसक्यूएल सर्व्हर सांभाळायचा प्रोग्रॅम) उघडा, तुमच्या डेटाबेसच्या नावावर राइट क्लिक करा, टास्क्स आणि मग बॅक अप. तयार झालेली फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह घरी न्या, दुकानात ठेवू नका. एक्सप्रेस आवृत्तीत ‘एजंट’ नसतो, त्यामुळे रोजचा बॅकअप आपोआप होत असेल या भ्रमात राहू नका. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून तो लावून घ्यावा लागतो. तुमच्या मुलाला हे एका संध्याकाळी जमेल.

आता एरर २६. एसक्यूएल सर्व्हर नेहमीच्या पद्धतीने बसवला तर १४३३ या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर, बसतो. एक्सप्रेस मात्र बहुधा ‘एसक्यूएलएक्सप्रेस’ अशा वेगळ्या नावाने बसतो आणि आपला पोर्ट आपणच निवडतो. मग काउंटरच्या मशीनला तो कळणार कसा? ते आतल्या मशीनवरच्या ‘एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर’ नावाच्या सर्व्हिसला यूडीपी १४३४ वर विचारते : हा सर्व्हर कुठल्या पोर्टवर आहे? उत्तर आले नाही की एरर २६. म्हणजे पासवर्ड विचारण्यापर्यंत गोष्ट गेलेलीच नाही. युजर, पासवर्ड, बिलिंगचा प्रोग्रॅम यांतले काहीही तपासत बसू नका.

माझा पहिला संशय फायरवॉलवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या हाका अडवणाऱ्या पहारेकऱ्यावर, आहे. नवा राउटर लावला की विंडोजला ते नवे नेटवर्क वाटते, आणि बहुतेक वेळा ते ‘पब्लिक’ म्हणून नोंदवले जाते. जुन्या राउटरच्या वेळी कोणीतरी ‘प्रायव्हेट’ नेटवर्कपुरती वाट मोकळी करून दिली असणार, ती आता लागू होत नाही. आतल्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क उघडा, तिथे प्रोफाइल पब्लिक दिसले तर प्रायव्हेट करा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

नाही झाले तर आयपी, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, बघा. जुना राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते देत असेल आणि नवा १९२.१६८.० ने, आणि बिलिंगच्या सेटिंगमध्ये आतल्या मशीनचा जुना आयपी लिहिलेला असेल, तर काउंटर रिकाम्या पत्त्यावर हाक मारतो आहे. तिथे आयपीऐवजी मशीनचे नाव घाला. किंवा राउटरमध्ये त्या मशीनसाठी एक आयपी राखून ठेवा, म्हणजे वीज जाऊन आली तरी तो बदलणार नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कितीदा जाते-येते ते तुम्हाला सांगायला नको. जाता जाता आतल्या मशीनच्या सर्व्हिसेसच्या यादीत ‘ब्राउझर’ चालू आहे का आणि ‘ऑटोमॅटिक’वर आहे का, तेही पाहा.

मी तुमच्या जागी असते तर या ब्राउझरवर विसंबलेच नसते. आतल्या मशीनवर कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडा, टीसीपी/आयपी ‘एनेबल’ आहे ना बघा, त्याच्या ‘आयपी ऑल’ भागात डायनॅमिक पोर्टची चौकट रिकामी करा आणि टीसीपी पोर्टमध्ये १४३३ लिहा. सर्व्हिस रीस्टार्ट करा, फायरवॉलमध्ये फक्त प्रायव्हेट नेटवर्कसाठी १४३३ मोकळा करा. मग काउंटरवर सर्व्हरचे नाव लिहून पुढे स्वल्पविराम आणि १४३३. इथे भलेभले अडकतात : बाकी सगळीकडे पोर्टच्या आधी कोलन लागतो, एसक्यूएल सर्व्हरला स्वल्पविराम लागतो. वाट उघडली की नाही ते काउंटरवरच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ या कमांडने पाहता येते. पुढे मशीनचे नाव आणि पोर्ट द्यायचा, शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आले की झाले.

आणि हे नीट लक्षात ठेवा : घरून दुकानाचा हिशेब दिसावा म्हणून कोणी राउटरमधून १४३३ थेट इंटरनेटवर उघडून देतो म्हणाला तर नको म्हणा. असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात.

प्रश्न : मी फोंड्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) आणि मायएसक्यूएल डेटाबेसवर प्रोजेक्ट केला. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर (नोड १६) चालतो, माझ्यावर (नोड १८) ‘कनेक्ट ईकॉनरिफ्यूज्ड ::१:३३०६’ असे येते. कोड तोच, पासवर्ड तोच. मायएसक्यूएल दोनदा काढून टाकला. – विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : तिसऱ्यांदा काढू नकोस. एररमधला पत्ता बघ : ‘::१’. हा आयपीव्ही६ मधला ‘मी स्वतः’. आयपीव्ही४ मध्ये तोच १२७.०.०.१. तू कोडमध्ये ‘लोकलहोस्ट’ लिहिले आहेस, म्हणजे त्याच ‘मी स्वतः’चे नाव. नोड १६ पर्यंत त्याचे दोन्ही पत्ते मिळाले तर आयपीव्ही४ आधी वापरला जाई. २०२१ च्या ऑक्टोबरात आलेल्या नोड १७ पासून सिस्टिम ज्या क्रमाने देईल तोच क्रम घेतला जातो. तुझ्या लॅपटॉपवर ‘::१’ आधी आला, आणि तुझा मायएसक्यूएल फक्त १२७.०.०.१ वर बसला आहे. कोडमध्ये लोकलहोस्टच्या जागी १२७.०.०.१ लिही, चालेल.

‘रिफ्यूज्ड’ हा शब्द मात्र मनात पक्का कर, आयुष्यभर कामाला येईल. रिफ्यूज्ड म्हणजे मशीनपर्यंत तू पोचलीस, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नव्हते, म्हणून नकार लगेच आला. ‘टाइम्ड आउट’ वेगळे. तिथे उत्तरच येत नाही : मशीन बंद आहे, पत्ता चुकीचा आहे, किंवा मधली फायरवॉल तुझी हाक गुपचूप गिळते आहे. फोन लावल्यावर लगेच कट होणे आणि नुसताच वाजत राहणे, एवढा फरक. रिफ्यूज्ड आले तर आधी सर्व्हर आणि पोर्ट बघायचा, टाइमआउट आला तर आधी पत्ता आणि फायरवॉल. आणि ‘ॲक्सेस डिनाइड’ आले तर आनंदच मानायचा, कारण तू थेट मायएसक्यूएलशी बोललीस, आता फक्त युजर-पासवर्डचे बघायचे आहे.

पत्राच्या शेवटी तू विचारलेस की मैत्रिणीचा जुना कोड नव्या मायएसक्यूएलवर ‘क्लायंट डज नॉट सपोर्ट ऑथेंटिकेशन प्रोटोकॉल’ म्हणतो. २०१८ साली आलेल्या मायएसक्यूएल ८.० पासून पासवर्ड तपासण्याची मूळ पद्धत बदलली, आणि ‘मायएसक्यूएल’ नावाच्या जुन्या नोड पॅकेजला ती येत नाही. युजरला जुन्या ‘नेटिव्ह पासवर्ड’ पद्धतीवर न्या, असा सल्ला तुला जागोजागी मिळेल. तो घेऊ नकोस. ८.४ मध्ये ती पद्धत मुळातच बंद ठेवलेली आहे आणि ९.० मधून काढूनच टाकली आहे. पॅकेज बदल, ‘मायएसक्यूएल२’ घे. कोडमध्ये फारसे काही बदलावे लागणार नाही.

प्रोजेक्ट पुढे डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरांत, चालवण्याची सोय) घालणार असशील तर आत्ताच सांगून ठेवते : कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच. तिथे १२७.०.०.१ सुद्धा चालणार नाही, कंपोज फाइलमध्ये डेटाबेसच्या सर्व्हिसला जे नाव दिले असशील तेच होस्ट म्हणून लिहायचे.

प्रश्न : पर्वरीला आमची लहान कंपनी आहे. किनाऱ्यावरच्या गेस्टहाउसांसाठी बुकिंगचे ॲप चालवतो : जावाचे स्प्रिंग बूट, मागे पोस्टग्रेस डेटाबेस. गेल्या डिसेंबरात गर्दीच्या वेळी ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ येऊ लागले. आम्ही कनेक्शनची मर्यादा १०० वरून ५०० केली. एरर थांबला, पण सगळेच मंदावले. यंदा काय करावे? – डेव्हलपर, पर्वरी

उत्तर : मर्यादा परत खाली आणा. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस चालवतो. ५०० कनेक्शन म्हणजे ५०० प्रोसेस, त्याच मेमरीवर आणि त्याच मोजक्या कोअरांवर झोंबणाऱ्या. मंदावणारच.

आधी साधा हिशेब करा, कारण तो कोणी केलेला नसतो. मूळ मर्यादा १००, त्यातली तीन सुपरयुजरसाठी राखीव, हाती राहिली ९७. तुम्ही लिहिता की गर्दीत ॲपच्या चार प्रती चालतात आणि प्रत्येकीचा हिकारी पूल, म्हणजे ॲपने उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा, ३० चा. चार गुणिले तीस, १२०. वर रिपोर्ट काढणारा वेगळा, आणि तुमच्यापैकी दोघांचे डीबीव्हर (डेटाबेस बघायचे टूल) उघडे. सीझनच्या गर्दीत हे कधीतरी फुटणारच होते. हिकारीचा मूळ आकडा १० आहे, आणि तो उगीच ठेवलेला नाही. दहावर या, मोजा, मग लागेल तसा थोडा थोडा वाढवा. प्रती आणखी वाढणार असतील तर मध्ये पीजीबाउन्सर बसवा, तो थोडी कनेक्शने अनेकांत वाटून देतो.

पण मला खरी शंका वेगळीच आहे. तुम्ही पाठवलेल्या ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’च्या (कुठले कनेक्शन काय करते आहे ते दाखवणाऱ्या यादीच्या) उताऱ्यात बरीच कनेक्शने ‘आयडल’ नाहीत, ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ आहेत. हे दोन शब्द जास्तीचे आहेत आणि सगळी गोम तिथेच आहे. आयडल कनेक्शन पूलमध्ये शांत बसलेले असते. आयडल इन ट्रान्झॅक्शनवाल्याने व्यवहार (ट्रान्झॅक्शन) उघडला आहे, काम काही करत नाही, आणि घेतलेली कुलुपे सोडत नाही. त्यामुळे इतर ताटकळतात, पूल रिता होतो, आणि हिकारी ३० सेकंद वाट पाहून हात वर करतो. तुमच्या उताऱ्यात त्या प्रत्येकाची शेवटची क्वेरी खोली राखून ठेवण्याची आहे. म्हणजे खोली राखल्यावर, ट्रान्झॅक्शन उघडी ठेवूनच, तुमचा कोड पेमेंटवाल्यांच्या सर्व्हरला विचारायला जातो आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत थांबतो, असा माझा अंदाज आहे. गर्दीत ते उत्तर उशिरा येते. पाहुणा तिकडे ओटीपी शोधतो आहे आणि इकडे तुमच्या टेबलावरची ओळ कुलुपात.

हे वेगळे करा. खोली ‘तात्पुरती राखीव’ म्हणून नोंदवा, वेळ लिहा, ट्रान्झॅक्शन बंद करा. पेमेंटचे उत्तर आले की नवी ट्रान्झॅक्शन उघडून नोंद पक्की करा. ठरलेल्या वेळात उत्तर आलेच नाही तर खोली सोडून देणारे काम वेगळे लावा. पोस्टग्रेसच्या बाजूने ‘आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट’ ठेवा, ती सोय ९.६ पासून आहे. हिकारीचा ‘लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड’ चालू करा : ठरल्यापेक्षा जास्त वेळ कनेक्शन धरून बसलेला कोड कुठल्या ओळीवर आहे, ते तो लॉगमध्ये छापतो. हे सगळे नोव्हेंबरातच करा. सीझन सुरू झाल्यावर चालू ॲपमध्ये हात घालायची पाळी येऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण त्या दिवसांत एक खोली दोघांना गेली तर तिथला म्हातारा मालक रात्री पाहुण्यांपुढे उभा असतो, तुम्ही नव्हे.

प्रश्न : पासवर्ड बरोबर आहे. टूलमध्ये वेगवेगळ्या चौकटींत भरला तर जोडले जाते. तीच माहिती एका ओळीच्या कनेक्शन यूआरएलमध्ये लिहिली तर ‘होस्ट सापडत नाही’ म्हणते. – एक वाचक, डिचोली

उत्तर : तुमच्या पासवर्डमध्ये ‘@’ आहे. यूआरएलमध्ये ‘@’ च्या आधी युजर-पासवर्ड आणि नंतर होस्ट असतो, त्यामुळे वाचणारा प्रोग्रॅम गोंधळतो आणि पासवर्डचा उरलेला तुकडा होस्टच्या नावात जातो. पासवर्डमधल्या ‘@’ च्या जागी %४० लिहा, आकडे अर्थात इंग्रजी. पासवर्डमध्ये #, / किंवा : असेल तर त्यांचेही असेच करावे लागते, # साठी %२३.

तुम्ही पत्रात खरा पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता दोन्ही लिहून पाठवले आहेत. इथे ते छापलेले नाहीत आणि पत्र मी फाडून टाकले आहे, पण पासवर्ड आजच्या आज बदला.