मामाच्या मुलीशी लग्न: उत्तरेत पाप, आपल्याकडे रीत

मामाच्या मुलीशी तुमचं लग्न ठरतंय आणि गुडगावच्या ऑफिसातले हरियाणवी सहकारी 'बहिणीशी लग्न?' म्हणून तोंड वाकडं करतात. चूक कोणाची, असा तुमचा प्रश्न आहे.

माझ्या मते कोणाचीच नाही. किळस उपजत वाटते खरी, पण ती लहानपणी कोणाला बहीण मानायला शिकवलं त्यावर ठरते. हरियाणात बापाच्या गोत्राबरोबर आईचं गोत्रही टाळतात, आणि पुष्कळ ठिकाणी गावातली मुलगी म्हणजे बहीणच. तिथे वाढलेल्याला हे ऐकून खरोखरच मळमळतं. आपल्याकडे मराठा, कुणबी, देशस्थांच्या कितीतरी घरांत मामाची मुलगी चालते, कोकणस्थांकडे सहसा नाही. आत्याची मुलगी मात्र बऱ्याच ठिकाणी वर्ज्य, वेल परत येऊ नये म्हणून, म्हणजे दिलेल्या मुलीची लेक सून होऊन माहेरच्याच घरात परतू नये. आणि कर्नाटक-आंध्रात मामा-भाचीचं लग्न होतं म्हटलं की आपणच कानांवर हात ठेवतो! नात्यांच्या बाबतीत महाराष्ट्र उत्तर-दक्षिणेच्या मधला आहे, हे मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी फार पूर्वीच दाखवून दिलंय.

वादही जुनाच. बौधायन धर्मसूत्र या प्राचीन धर्मग्रंथात मामेबहिणीशी लग्न ही दक्षिणेची रीत म्हणून नोंदलेली आहे. सहकाऱ्यांना अर्जुन-सुभद्रेची आठवण करून द्या: सुभद्रेचे वडील वसुदेव हे कुंतीचे भाऊ. 1955 चा हिंदू विवाह कायदा इतक्या जवळच्या नात्यातलं लग्न मान्य करत नाही, पण दोन्हीकडे तशी रूढी असेल तर सूट देतो.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या सातारकडच्या घरांत दिवाळीच्या सुट्टीत आत्याचा मुलगा आला की सात-आठ वर्षांच्या पोरीला हमखास सांगायचे, 'जा, तुझ्या नवऱ्याला पाणी दे.' ती लाजून आत पळायची आणि ओसरीवर हशा पिकायचा. असं दहा-पंधरा वर्षं ऐकलेल्या मुलीचा होकार कितपत तिचा? त्यात 'मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क' असं मोठी माणसं सरळ बोलून दाखवतात. माणसावर कसला हक्क? शिवाय सासू म्हणजे सख्खी आत्या. उद्या काही बिनसलं तर तिने माहेरी तक्रार कोणाकडे न्यायची? बापाच्या बहिणीविरुद्ध बापाकडे?

तब्येतीचंही बघा. एरवी शंभरातल्या दोन-तीन बाळांत गंभीर जन्मजात दोष आढळतो. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या मुलांत हे प्रमाण साधारण दुप्पट होतं. म्हणजे बहुतेक मुलं धडधाकटच जन्मतात, पण घराण्यात थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा जन्मजात बहिरेपणा असेल तर धोका बराच वाढतो. साखरपुड्याआधी दोघांनी जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना भेटा आणि रक्त तपासून घ्या.

आणि तिच्याशी एकटीशी बोला, घराबाहेर. 'तू नाही म्हणालीस तर मामाला मी सांगेन, तुझं नाव येऊ देणार नाही,' हे आधी सांगा, मग विचारा.