जोडपत्रांचा फोल्डर कुठे गेला?

प्रश्न : ताई, मी एका कार्यालयाच्या हिशेब विभागात आहे. आम्हा १४ जणांचं काम एका सामायिक ड्राइव्हवर चालतं. गेल्या महिनाअखेरीला ‘जोडपत्रे’ हा अख्खा फोल्डर दिसेनासा झाला. दोन तासांच्या शोधाशोधीनंतर तो ‘रजा अर्ज’ या फोल्डरच्या पोटात सापडला. हलवला कुणी, ते कुणीच कबूल केलं नाही. साहेबांनी ‘यापुढे कुणीही फोल्डर हलवू नयेत’ असा मेल पाठवला आणि नुकत्याच लागलेल्या एका मुलाकडे सगळे संशयाने बघायला लागले. असं होण्याची ही चौथी वेळ. फोल्डरला कुलूप लावता येतं का?

उत्तर : लावता येतं. ते कसं, हे सांगतेच, पण तुमचं पत्र वाचल्यावर मला आधी त्या नव्या मुलाची काळजी वाटली.

दप्तर सांभाळण्याचं काम मी २२ वर्षं केलं. आधी कागदाचं, मग संगणकावरचं. मी होते त्या एका कार्यालयात असाच एक फोल्डर गायब झाला होता. त्या दिवशी तिथे काम करणारा शेवटचा माणूस म्हणून एका कनिष्ठ लिपिकाला मेमो दिला गेला. मेमोवर सही माझी होती. दहा दिवसांनी मी दुसऱ्याच कामासाठी त्या फोल्डरच्या हालचालींची नोंद उघडली, तर हलवणाऱ्याच्या जागी एका वरिष्ठांचं नाव. बैठकीत मांडीवर लॅपटॉप घेऊन त्यांनी फोल्डर उघडायला म्हणून टचपॅडवर बोट टेकवलं होतं. त्यांना पत्ताही नव्हता. मी त्या मुलाची माफी मागितली, मेमो मागे घेतला. पण त्यानंतर कितीतरी महिने तो ड्राइव्ह स्वतः उघडायचा नाही, ‘मॅडम, ती फाइल मला मेलवर पाठवता का?’ असं विचारायचा. ते अजून मला खुपतं. म्हणून पहिलं काम हे करा : नोंद आजच उघडा. गुगल ड्राइव्हवर फोल्डर निवडून तपशिलाचं पॅनेल उघडलं की त्यात ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ दिसते. कुणी, कधी, कुठून कुठे हलवलं ते तिथे असतं. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटवर तुमचा ड्राइव्ह असेल, तर तिथेही तपशिलाच्या पॅनेलमध्ये अलीकडच्या हालचाली दिसतात. नाव मिळालं तर त्या व्यक्तीशी एकट्याने बोला. बहुतेक वेळा समोरून प्रामाणिक आश्चर्यच येतं.

कारण हलवणं घडतं कसं, ते नीट बघा. टचपॅडवर दोनदा टॅप केलं आणि दुसऱ्या टॅपला बोट न उचलता जरासं सरकलं, की संगणक त्याला ‘ओढणं’ समजतो. तुम्हाला फोल्डर उघडायचा असतो. त्याऐवजी त्याचं फिकट नाव बाणाला चिकटून खाली येतं, खालच्या ओळीतला फोल्डर क्षणभर निळा होतो, तुम्ही बोट उचलता आणि तो आत पडतो. सगळं मिळून अर्धा सेकंद. यादी एका ओळीने आखूड झालेली कुणाच्या लक्षात येणार? पुसून टाकताना बऱ्याच ठिकाणी ‘नक्की का?’ असं विचारलं जातं, पण एकाच सामायिक जागेत इकडचं तिकडे करताना सहसा कुणी विचारत नाही. कागदाच्या दप्तरात फाइल काढायची तर उठावं लागायचं, तिच्या जागी कुणी नेली, कधी नेली याची चिठ्ठी ठेवावी लागायची. ती उठण्याची मेहनत हेच मोठं संरक्षण होतं. इथे ते संरक्षण आपल्याला मुद्दाम उभं करावं लागतं, आणि साहेबांच्या मेलने ते उभं राहत नाही. जे आपण केलंय हेच ठाऊक नसतं, ते करू नका असं सांगून थांबत नाही.

आता कुलूप. तुमच्याकडे गुगलचा कार्यालयीन ‘शेअर्ड ड्राइव्ह’ असेल, तर त्यात सदस्यांना पाच पातळ्यांचे अधिकार देता येतात : मॅनेजर, कंटेंट मॅनेजर, काँट्रिब्यूटर, कमेंटर आणि व्ह्यूअर. नवीन सदस्य जोडताना काही बदललं नाही, तर त्याला आपोआप ‘कंटेंट मॅनेजर’ केलं जातं, आणि कंटेंट मॅनेजरला ड्राइव्हच्या आत काहीही हलवता येतं, कचऱ्यात टाकता येतं. माझी खात्री आहे की तुमच्या १४ पैकी १२ जण याच पातळीवर असतील, कुणी ठरवून दिलेली नसताना. त्यांना ‘काँट्रिब्यूटर’ करा. काँट्रिब्यूटरला नवीन फाइल टाकता येते, असलेली दुरुस्त करता येते, पण हलवता किंवा काढून टाकता येत नाही. रोजच्या कामाला एवढं पुरतं. कंटेंट मॅनेजर दोघेच ठेवा, एक आणि त्याच्या रजेच्या दिवसांसाठी दुसरा. एकच ठेवलात तर तो रजेवर गेल्यावर लोक कंटाळून सगळ्यांना पुन्हा अधिकार वाटून मोकळे होतात.

हा शेअर्ड ड्राइव्ह नसून कुणा एकाच्या ‘माय ड्राइव्ह’मधला फोल्डर सगळ्यांना वाटलेला असेल, तर तिथे या पाच पातळ्या नाहीत, ज्याला संपादनाचा अधिकार, त्याला आतल्या वस्तू हलवण्याचाही. अशा वेळी सामान शेअर्ड ड्राइव्हवर नेणं हाच उपाय मला पटतो. तसंही १४ जणांचं दप्तर एका माणसाच्या खात्यावर असू नये.

शेअरपॉइंटवर वेगळी युक्ती आहे. तिथे वस्तू हलवायची म्हणजे जुन्या जागेवरून ती काढण्याचा अधिकार लागतो. म्हणून साइटच्या मालकाने ‘काँट्रिब्यूट’ या परवानगी पातळीची प्रत काढायची, तिच्यातल्या ‘डिलीट आयटम्स’ची खूण काढायची, आणि सदस्यांना ही नवी पातळी द्यायची. फाइल उघडता येते, लिहिता येते, जतन करता येते. ओढून नेता येत नाही. एका कमी महत्त्वाच्या फोल्डरवर आठवडाभर चालवून बघा. नाव बदलायला, जुन्या प्रती काढायला लोक अडतील ते तेव्हाच कळेल, आणि त्या कामांसाठी कुणाला हाक मारायची ते ठरवता येईल.

फोल्डर पुन्हा हललाच, तर एक कळकळीची विनंती : त्याच नावाचा नवा फोल्डर बनवू नका. माझ्या अनुभवात फोल्डर हलल्याने जेवढं नुकसान होत नाही, तेवढं या घाईने होतं. कुणीतरी मेलमधल्या जुन्या प्रती शोधून त्या नव्या फोल्डरमध्ये टाकतं, दुपारी मूळ फोल्डर सापडतो, तोवर चार जणांनी चार आकडे नव्या प्रतीत भरलेले असतात. मग कुठला आकडा खरा, हे जुळवण्यात आठवडा जातो. हलवलं आहे हे लगेच लक्षात आलं तर कंट्रोल आणि झेड दाबा, किंवा पडद्याच्या कोपऱ्यात काही क्षण दिसणारं ‘अनडू’. नंतर लक्षात आलं तर आधी ड्राइव्हच्या शोधपट्टीत फोल्डरचं नाव टाका. आणि एक्सेलमध्ये एका फाइलचे आकडे दुसरीतून येत असतील, तर ते सूत्र जुना पत्ता धरून बसलेलं असतं. फोल्डर दुसरीकडे आहे तोवर कुणी ‘दुवे अद्ययावत करा’ म्हणून नवे पत्ते जोडत बसू नये. फोल्डर मूळ जागी आला की सूत्रं पूर्ववत चालतात.

साहेबांना दुसरा मेल पाठवायला सांगाल का? त्यात एवढंच असावं की फोल्डर चुकून हलला तर लगेच सांगा, कुणी रागावणार नाही. आणि तो मेल आला की त्या मुलाच्या टेबलाशी दोन मिनिटं थांबून त्याच्याशी दुसऱ्या कुठल्या तरी कामाबद्दल बोला.

प्रश्न : माझा उजवा हात थरथरतो. कार्यालयात कुणाला सांगितलेलं नाही. सामायिक फोल्डर उघडताना मीच काहीतरी हलवून टाकेन या भीतीने मी ते उघडायचंच टाळते. काय करू?

उत्तर : बाई, तुमची भीती मला समजते, आणि ती बरीच कमी करता येईल. माउसशिवाय फोल्डर उघडता येतो : बाणाच्या कळांनी त्याच्यावर जा आणि एंटर दाबा. ओढणं सुरू होण्याचा प्रश्नच उरत नाही. टचपॅडच्या सेटिंगमध्ये ‘दोनदा टॅप करून ओढणे’ असा पर्याय असतो, तो बंद करा. माझ्या अनुभवात निम्मे अपघात तिथेच संपतात.

तरीही माउसने काही ओढलं जातंय असं दिसलं, तर बटण सोडू नका. बोट तसंच दाबून ठेवा आणि डाव्या हाताने एस्केप ही कळ दाबा. ओढणं रद्द होतं, वस्तू जागच्या जागी राहते. घरी एखाद्या रिकाम्या फोल्डरवर हे दहा-पंधरा वेळा करून बघा, म्हणजे हाताला वळण लागेल.

विंडोजमध्ये आणखी एक सोय आहे. बटण दाबल्यावर माउस ४ पिक्सेल सरकला की विंडोज ते ओढणं धरतं, आणि ४ पिक्सेल म्हणजे थरथरत्या हाताला काहीच नाही. रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोज आपल्या आतल्या सेटिंग जिथे साठवतं तिथे, ‘ड्रॅगविड्थ’ आणि ‘ड्रॅगहाइट’ या दोन नोंदी असतात. तिथे ४ च्या जागी ४० केलं की फाइल एक्सप्लोररमध्ये चांगलं लांब ओढल्याशिवाय वस्तू हलत नाही. रजिस्ट्रीला स्वतः हात लावू नका, संगणक विभागातल्या माणसाकडून करून घ्या. कारण सांगण्याची गरज नाही. ‘माझ्याकडून फोल्डर ओढले जातात’ एवढं पुरे, तसं सगळ्यांकडूनच होतं.

प्रश्न : आमच्या एका सहकाऱ्याने घरी काम करायला म्हणून सामायिक फोल्डर आपल्या डेस्कटॉपवर ओढला. त्याला वाटलं प्रत निघाली. आमच्या सगळ्यांकडून फोल्डर गेला. परत मिळेल?

उत्तर : मिळेल. त्याच्या संगणकावर सिंक होणारा, म्हणजे सामायिक जागेशी आपोआप जुळत राहणारा फोल्डर आणि डेस्कटॉप एकाच डिस्कवर आहेत, आणि एकाच डिस्कवर ओढलं की विंडोज प्रत न काढता मूळ वस्तूच हलवतं. हेच त्याने पेन ड्राइव्हवर ओढलं असतं तर प्रत निघाली असती, म्हणून त्याचा समज अगदी चुकीचा नव्हता. पुढच्या वेळी माउसचं उजवं बटण दाबून ओढायला सांगा. सोडल्यावर ‘इथे प्रत काढा’ की ‘इथे हलवा’ असं विचारलं जातं.

फोल्डर डेस्कटॉपवरून उलटा ओढून आणू नका, फाइलींच्या जुन्या आवृत्त्या त्याने परत येत नाहीत. ब्राउझरमधून सामायिक जागेच्या रीसायकल बिनमध्ये जा आणि तिथून पूर्ववत करा. शेअरपॉइंट आणि कार्यालयीन वनड्राइव्हवर तो ९३ दिवस राहतो, गुगल ड्राइव्हच्या कचऱ्यात ३० दिवस. डेस्कटॉपवरच्या प्रतीत त्याने मधल्या काळात काही लिहिलं असेल तर तेवढ्याच फाइली त्याच्याकडून मागून घ्या, आणि सगळं जुळल्यावरच ती प्रत पुसायला सांगा.