बेळगावात गाड्यांचा मोठा कारखाना नाही, मग इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे भाग कसे बनतात?

गाडी जोडली जाते एका जागी, पण तिचे भाग शेकडो ठिकाणी बनतात, आणि त्यातलं ओतकाम व मशिनिंग बेळगावच्या वाट्याला आलंय. याचं मूळ टॅरिफ कमिशनच्या (देशी उद्योगांना संरक्षण देण्याबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या आयोगाच्या) 1953 च्या शिफारशीत आहे: भाग इथेच बनवायची तयारी नसेल, तर परदेशी सुटे भाग आणून नुसती जोडणी करायला परवानगी नको. सरकारने ते मान्य केलं. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला, टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) 1954 मध्ये डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढले. 1983 मध्ये मारुती आली तेव्हाही देशी भाग वाढवत नेण्याची अट होतीच, त्यामुळे लहान पुरवठादार उभे राहिले. आपल्याकडे पुणे-बेंगळुरू महामार्ग दारात आणि फौंड्रीत मुरलेलं कोल्हापूर शेजारी.

मी स्वतः उद्यमबागेत क्रँकशाफ्ट (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरत्या गतीत बदलणारा इंजिनचा दांडा) ग्राइंडिंगवर आहे. जर्नलला, म्हणजे शाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाला, मायक्रोमीटर लावला आणि दोन-तीन शतांश मिलिमीटर धातू जास्त घासला गेलेला दिसला, की अख्खा शाफ्ट रिजेक्ट. मच्छे, पिरनवाडीची पोरं हे मशीनवर उभं राहूनच शिकलीत. त्यांना कुणी 'नुसते जॉबवर्कवाले' (दुसऱ्याचं काम मजुरीवर करून देणारे) म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं.

एक मात्र लक्षात घ्या: इलेक्ट्रिक गाडीला क्रँकशाफ्ट आणि सिलिंडर ब्लॉक लागतच नाहीत. हब, ब्रेकचे भाग चालू राहतील, हायड्रॉलिक्सचं काम इथं आहेच, पण फक्त इंजिनच्या भागांवर चालणाऱ्या शॉपना पुढे अवघड आहे.