वार मोडायचा नाही

अगं, तुझा काल रात्रीचा व्हॉइस मेसेज सकाळी चहा करताना ऐकला, नऊ मिनिटांचा. दोनशे बारा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप, सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि प्रत्यक्ष बैठकीला बसायला आले तिघं, त्यातला एक तुझा भाऊ. म्हणून तू ठरवूनच टाकलंस की सिन्नरला सामुदायिक मानसशास्त्रात, म्हणजे माणसाचं मन त्याच्या गावासकट, परिस्थितीसकट समजून घेण्यात, कुणालाच इंटरेस्ट नाही. आता विचारतेस ग्रुपचं नाव बदलू का, लोगो करू का, कॉलेजचा हॉल मिळेपर्यंत थांबू का.

तिघं आले ना? मग पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळेला, त्याच जागी परत बस. एकच आला तरी बस, कुणीच नाही आलं तरी दार उघडं ठेवून तासभर बस. वार मोडायचा नाही, बाकी सगळं नंतर बघू.

तुला थिअरी मी काय सांगणार, १९६५ मध्ये बॉस्टनजवळच्या स्वॅम्पस्कॉटला ज्या परिषदेतून हा विषय उभा राहिला, तिथे जमलेल्या मंडळींपासून सगळं तुला पाठ आहे. पण तुझा ग्रुप उघडून बघितला तर सगळे एमए सायकॉलॉजीवाले, एमएसडब्ल्यूवाले आणि त्यांचे मित्र! आशाताई कुठाय? अंगणवाडी सेविका? रात्री दहाला झोपेच्या गोळ्या मागायला कोण येतं हे ज्याला माहितीय तो मेडिकलवाला? भजनी मंडळातले म्हातारबाबा? गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन समुपदेशनाचं काम दिलं, त्याचे निकाल २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, ते तू मलाच वाचायला पाठवले होतेस. आपल्याच नाशिक जिल्ह्यात 'आत्मीयता' या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पात गावातलेच लोक 'मित्र' आणि 'चॅम्पियन' झाले, ते माणसाचं ऐकूनही घ्यायचे आणि त्याच्या सरकारी योजनेचे कागदही मार्गी लावायला मदत करायचे. पेन्शन अडकलेल्या बाईला श्वासाचे व्यायाम शिकवून काय होणार गं? हे तुला पटतं हे मला माहितीय, म्हणून तर चिडते. पटतं तर त्यांना बोलव, आणि ग्रुपवर पोस्टर टाकून नको, घरी जाऊन बोलव.

इथल्या विडी कामगार बायकांकडे जाशील तेव्हा प्रश्नावली नेऊ नकोस. मांडीवर सूप, भिजवलेली पानं, हातात कात्री, तंबाखूचा वास, बोटं चालूच असतात आणि नजर वर येत नाही. पहिला अर्धा तास त्या तुझ्याशी बोलणार नाहीत. मग कुणीतरी सहज म्हणेल, 'माझ्या थोरल्याचं काही खरं नाही बघा.' तेव्हा तोंडाला आलेला सल्ला गिळायचा आणि सांगायचं, गुरुवारी साडेपाचला आम्ही देवळाच्या सभामंडपात असतो. हे वाक्य खरं ठरलं पाहिजे, म्हणून सांगते वार मोडायचा नाही.

मी मोडला होता. २०११ मध्ये आम्ही पाच जण बसायला लागलो, आशाताई, एक रिटायर्ड गुरुजी, एक एसटी कंडक्टर, मेडिकलवाला आणि मी. दोन वर्षं एक गुरुवार चुकला नाही, दिवाळीतसुद्धा बसलो. मग एका मोठ्या संस्थेने मुंबईला ट्रेनिंगला बोलावलं, फंडिंगचं बोलणं सुरू झालं, प्रपोजल, बजेट, मीटिंगा, यात लागोपाठ तीन गुरुवार आम्ही बसलोच नाही. त्यातल्या दोन गुरुवारी एक विडीवाली बाई तिच्या मुलाला घेऊन आली होती, बारावी नापास झाल्यापासून त्याने बोलणंच सोडलं होतं. दोन्ही वेळा पायरीवर बसून गेली. पुढे बाजारात भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, 'ताई, कुलूप होतं.' रागाने नाही बोलली गं, नुसतं सांगितलं. मी पत्ता मागितला तर म्हणाली राहू द्या आता. पुन्हा ती आली नाही, आणि त्या मुलाचं काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही.

फंडिंग पण नाही आलं. आलं असतं तरी फरक पडला नसता.

लोक म्हणतात ताईंनी तेव्हाच रजिस्ट्रेशन करून घेतलं असतं तर आज मोठी संस्था उभी असती. असती कदाचित. पण कार्यकारिणी आणि ऑडिट सांभाळायचं की गुरुवार सांभाळायचा, एवढंच माझ्या हातात होतं आणि मी गुरुवार निवडला, तीन गुरुवार घालवल्यानंतर निवडला. तुझ्यात दोन्हीची ताकद असेल तर कर रजिस्ट्रेशन, मी आड येणार नाही. पण पहिलं वर्षभर तरी लेटरहेड छापू नकोस, खरंच सांगते.

अजून एक, यात मी कुणाचं ऐकणार नाही. बैठकीत ऐकलेलं ग्रुपवर टाकायचं नाही, नाव गाळूनसुद्धा नाही, गावात कोण कुणाचं हे सगळ्यांना कळतं. आणि कुणी जिवाचं बरंवाईट करायची भाषा केली तर आपण शहाणपणा करायचा नाही, त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, तिथूनच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ लावायचा आणि सोबत जाऊन डॉक्टर गाठायचा. तो नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लाव, लोगोच्या आधी.

आणि आलेल्या तिघांना आज फोन कर, मेसेज नको. तुझ्या भावालाही मोज, तो का आला ते तू त्याला विचारलंस का? नसशील विचारलं. विचार.

सभामंडपाच्या किल्लीचं मी पुजारीबुवांशी बोलते. दोन किल्ल्या करून घे, एक तुझ्याकडे आणि एक आशाताईंकडे, म्हणजे तू परीक्षेला गेलीस, आजारी पडलीस तरी साडेपाचला दार उघडेल.

तुझी ताई