हप्ते त्यांनी भरले, मग घर कोणाचं?

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. 2016 साली ठाण्यात दोघांच्या नावावर फ्लॅट घेतला, कर्जही दोघांच्या नावावर. सुरुवातीला भरलेल्या 14 लाखांपैकी 9 लाख माझे : काही लग्नातलं सोनं मोडून, काही बाबांनी दिलेले. हप्ते त्यांच्या खात्यातून जातात. किराणा, मुलीची फी, सोसायटीचा मेंटेनन्स माझ्या पगारातून जात होता. दीड वर्ष मी माहेरी, डोंबिवलीला आहे. आता परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचं ठरतंय. फ्लॅटची किंमत साधारण 90 लाख, कर्ज 30 लाख बाकी. ते म्हणतात, ‘हप्ते मी भरले, घर माझं. 10 लाख घे आणि हक्कसोडपत्रावर सही कर.’ रागाच्या भरात मीही व्हॉट्सॲपवर ‘घर तुलाच लखलाभ’ असं लिहून बसले. माझा हक्क गेला का?

उत्तर : नाही गेला. घरातला हिस्सा सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो. नोंदणी कायद्याचं कलम 17 तेच सांगतं. मेसेजने फ्लॅट जात नाही. मात्र तो मेसेज उद्या कोर्टात दाखवला जाईल, तेव्हा पैशांबद्दल यापुढे चॅटवर एक अक्षरही लिहू नका.

आता हप्त्यांचं. ‘हप्ता भरेल त्याचं घर’ असा कायदा नाही, तसाच ‘नवरा-बायकोचं निम्मं निम्मं’ असाही आपल्याकडे नाही. (गोव्यात आहे. तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता दोघांची समान धरतात.) महाराष्ट्रात बघायचं ते मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 45 : करारनाम्यात हिस्से लिहिले असतील तर ते, नसतील तर ज्याने जितका पैसा घातला त्या प्रमाणात, आणि तेही सिद्ध होत नसेल तर समान. म्हणून आधी करारनामा उघडून हिस्से लिहिलेत का ते पाहा. मूळ प्रत बँकेत असेल, तर नोंदणी कार्यालयातून इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) आणि दस्ताची नक्कल काढा.

तुमचे यजमान हप्त्यांचे उतारे पुढे करणार, हे धरून चाला. त्याला उत्तर एकच : त्यांचा पगार हप्त्याला जाऊ शकला, कारण घर तुमच्या पगारावर चालत होतं. पण हे तोंडी सांगून भागत नाही. सोनं मोडल्याची सराफाची पावती, बाबांच्या खात्यातून आलेल्या रकमेची नोंद, शाळेच्या फीच्या पावत्या, 2016 पासूनचं तुमचं बँक स्टेटमेंट हे सगळं याच आठवड्यात गोळा करा. बँकांकडून जुने उतारे मिळायला वेळ लागतो.

हिशेब असा. 90 लाखांतून 30 लाख कर्ज वजा केलं की राहतात 60. हिस्से समान धरले तर त्याचे निम्मे 30. बोलणी इथून सुरू करा, 10 लाखांपासून नव्हे. शेवटी 24-25 वर तोडगा निघाला तर मी त्याला वाईट म्हणणार नाही. विभागणीचा दावा वर्षानुवर्षं चालतो. पण 10 म्हणजे तुम्ही घातलेले 9 परत आणि वर चहापाणी.

रकमेपेक्षाही मला काळजी वाटते ती सहीच्या क्रमाची. हक्कसोडपत्र केलं की तुमचं नाव घरातून जातं, कर्जातून जात नाही. घटस्फोटाचा हुकूम बँकेवर बंधनकारक नसतो. उद्या त्यांनी हप्ते थकवले तर बँक तुमच्याकडे येईल, सिबिल (कर्जफेडीची पत दाखवणारा गुणांक) तुमचंही बिघडेल, आणि घर मात्र तुमचं नसेल. तेव्हा आधी त्यांनी एकट्याच्या नावावर कर्ज फिरवून घ्यावं किंवा ते फेडावं, बँकेने तुम्हाला मोकळं केल्याचं लेखी पत्र हातात यावं, मग सही. त्यांच्या एकट्याच्या पगारावर बँक कर्ज देत नसेल, तर फ्लॅट विकून पैसे वाटून घेणं हाच मार्ग उरतो.

कोणीतरी सुचवेल, ‘बक्षीसपत्र करा, मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं.’ पती-पत्नीतल्या राहत्या घराच्या बक्षिसाला ती सवलत आहे, खरं. पण बक्षीस म्हणजे विनामोबदला. कागदावर बक्षीस आणि पाठीमागून पैसे, हा प्रकार करू नका : पैसे बुडाले तर मागणार कशाच्या आधारावर? विकत घेतलेल्या फ्लॅटच्या हक्कसोडपत्राला तुमच्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखताइतकं शुल्क बसतं. ते कोणी भरायचं, हे आधीच लिहून घ्या. मी तर म्हणेन, घर त्यांना मिळतंय, त्यांनीच भरावं.

जमलंच नाही तर ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात वाटणी मागता येते. फ्लॅटचे दोन तुकडे होत नाहीत. अशा वेळी 1893 च्या विभाजन कायद्यानुसार कोर्ट विक्रीचा हुकूम देऊ शकतं आणि दुसऱ्या मालकाला मूल्यांकनाच्या किमतीत हिस्सा विकत घेण्याची संधी मिळते. वैवाहिक वादातल्या मालमत्तेच्या दाव्यात महिलांना कोर्ट फी माफ आहे, 1994 पासून. दरम्यान त्यांनी कुलूप बदललं, तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहण्याचा हक्क मागता येतो.

संमतीच्या अटींत रक्कम, तारखा, कर्जमुक्तीचं पत्र, मुद्रांक शुल्क हे सगळं आकड्यांत लिहा. घटस्फोटाच्या अर्जात दोन टप्पे असतात, मध्ये सहा महिने. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कोर्ट हा काळ माफ करू शकतं, म्हणून ते घाई करतील. हुकूम होईपर्यंत तुम्हाला संमती मागे घेता येते, आणि तुमचा जोर तेवढ्यापुरताच. शेवटचा डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या टप्प्याच्या तारखेला, न्यायाधीशांसमोर हातात घ्या.