नळी शिसं धरते, दोष कोणाचा?

प्रश्न : काका, नमस्कार. गेल्या वर्षी स्मिथ अँड वेसनचं जुनं मॉडेल १० रिव्हॉल्वर घेतलं, .३८ स्पेशल काडतुसाचं. शेजाऱ्यांनी त्यांच्याकडचा मऊ शिशाच्या हॉलो-पॉईंट (टोकाला खड्डा असलेल्या) गोळ्यांचा डबा दिला : १५८ ग्रेनच्या ५०० गोळ्या. काडतुसं मी घरीच भरतो. पन्नासेक बार झाले की नळीत करडा लेप बसतो आणि नेम भरकटतो. रेंजवरचे म्हणतात, 'हे मऊ शिसं टाकून दे, कडक ओतीव गोळ्या आण.' त्यांचं खरं का? आणि उरलेल्या गोळ्या .३५७ मॅग्नममध्ये (त्याच जाडीच्या, पण जास्त दाबाच्या काडतुसात) जोरात मारल्या तर चालेल का? — अ. कु., ह्यूस्टन

उत्तर : डबा टाकू नका. तुमच्या रेंजवरच्यांनी दिलेला सल्ला वीस वर्षांपूर्वी मलाही मिळाला होता. मी मुकाट्यानं हजार कडक गोळ्या विकत घेतल्या, आणि नळी पहिल्यापेक्षा जास्त शिसं धरायला लागली. गंमत म्हणजे माझा जन्म टूलरूममध्ये गेलेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पोटासाठी मायक्रोमीटर धरला, इथे ओहायोत येऊनही तेच केलं. तो मायक्रोमीटर टेबलाच्या खणात होता आणि मी गोळी मोजली नव्हती.

आधी तुमच्या हातात काय आहे ते बघू. १५८ ग्रेन म्हणजे १०.२ ग्रॅम. आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, तेव्हा ही गोळी तोळ्याला थोडी कमी, ८४ गुंजांची म्हणा. तुमच्या गोळ्या बहुधा ओतलेल्या नसून शिशाची तार साच्यात दाबून घडवलेल्या आहेत, म्हणूनच त्या मऊ. नखानं ओरखडा उठतो का बघा. शुद्ध शिशाची ब्रिनेल कठीणता साधारण ५, दाबीव गोळ्यांची त्याहून थोडी वर, आणि बाजारातल्या कडक ओतीव गोळ्यांची १५ ते १८. छापखान्यातल्या लायनोटाइपचा धातू (शिसं ८४, अँटिमनी १२, कथील ४ टक्के) २२ पर्यंत जातो. माझे मामा सांगलीत खिळे जुळवायचे. त्या खिळ्यांवर नख चालायचं नाही, एवढं आठवतं.

आता शिसं चिकटतं कशानं? बार उडाला की तप्त वायू गोळीच्या मागे लागतो. गोळी भोकापेक्षा बारीक असेल तर तो कडेनं निसटतो, जाता जाता शिसं वितळवतो आणि पुढे नळीला फासतो. मऊ गोळी दाबाखाली बुडाशी फुगून ही फट बुजवते. कडक गोळी हलक्या बाराला फुगतच नाही. माझ्या हजार गोळ्यांचं तेच झालं. तेव्हा कठीणतेच्या आधी माप.

रिव्हॉल्वर रिकामं आहे याची दोनदा खात्री करा, सिलिंडर काढा आणि सहाही घरांच्या पुढच्या तोंडात तुमची गोळी बोटानं ढकलून बघा. किंचित जोर देऊन सरकली तर उत्तम. आपसूक पडली तर तोंड मोठं आहे. अडलीच तर तोंड लहान : तिथून निघतानाच गोळी पिळून बारीक होते आणि नळीत सैल पडते. .३८ साठी तोंड ०.३५८ इंच हवं, नळी ०.३५७ च्या आसपास असते. माझ्या सिलिंडरची तोंडं ०.३५६ निघाली. एका बंदूक कारागिरानं रीमर (भोक रुंदावायचं अवजार) फिरवून दिला आणि काम झालं. तोंड मोठं निघालं तर मात्र ०.३५९ च्या ओतीव गोळ्या शोधाव्या लागतील, कारण दाबीव गोळ्या सहसा ०.३५८ च्याच मिळतात.

तोंडं बरोबर निघाली तर संशय तुमच्या डायवर (काडतूस भरायच्या साच्यावर). भरलेल्या एका काडतुसातली गोळी हातोडा-पुलरनं काढा आणि मोजा. ती ०.३५६ भरली, तर पुंगळीनंच (गोळी बसते त्या पितळी नळकांड्यानं) तिला आवळलंय. बऱ्याच डायसंचांतला पुंगळी फुलवायचा दांडा तांब्याचं कवच असलेल्या गोळ्यांच्या मापाचा असतो, तो मऊ शिशाला पुरत नाही. शिशासाठीचा थोडा जाड दांडा वेगळा मिळतो, तो घ्या. पुंगळीचं तोंडही जरा जास्त फुलवा, नाहीतर गोळी बसवताना कडेनं शिशाची साल निघते. मग तोंड गोळीच्या खाचेत नीट आत वळवा.

लेप कुठे बसतो तेही बघा. सिलिंडरजवळ, नळीतले पीळ (आतल्या वळणदार खाचा) सुरू होतात तिथे असेल तर बहुतेक मापाचा घोळ. नळीच्या टोकाकडे असेल तर गोळीवरचं वंगण कमी पडलं. काढायला निव्वळ तांब्याची घासणी ब्रशवर गुंडाळा. चुंबक चिकटला तर ती लोखंडी, ती नको. 'शेवटी दोन कवचाच्या गोळ्या मारल्या की नळी साफ होते' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. चिंचोळ्या झालेल्या नळीत दाब वाढतो.

मॅग्नमबद्दल : नाही. .३८ स्पेशलचा कमाल दाब चौरस इंचाला १७,००० पौंड, .३५७ चा ३५,०००. दाबीव शिसं सेकंदाला हजार फुटांच्या आतच बरं वागतं. मॅग्नमच्या रिव्हॉल्वरमध्ये सौम्य भरलेली .३८ ची काडतुसं मात्र खुशाल चालवा. बंदुकीची दारू किती भरायची तो आकडा माझ्याकडे मागू नका. गोळी बनवणाऱ्याच्या ताज्या पुस्तकात शिशाच्या गोळीचं वेगळं कोष्टक असतं, तेच वापरा. आणि भरलेल्या प्रत्येक पुंगळीत उजेड पाडून डोकावा. .३८ ची पुंगळी मोठी, दारू चिमूटभर. दुप्पट पडली तरी आत मावते.

हॉलो-पॉईंटच हवी का? कागदावर नेम धरणाऱ्याला खड्ड्याचा उपयोग शून्य. मिळाल्यात तर वापरा, मुद्दाम जास्त पैसे मोजू नका.

हात थंड पाण्यानं साबण लावून धुतल्याशिवाय चहासुद्धा नको. पुंगळ्या घासायचं यंत्र मी एकदा गॅरेजात लावलं, शेजारी आमच्या कुरडया वाळत होत्या. प्रायमरच्या, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीच्या, राखेतही शिसं असतं. सगळ्या कुरडया कचऱ्यात गेल्या. ते यंत्र आता अंगणातल्या शेडमध्ये आहे, आणि मी दरवर्षी रक्तातलं शिसं तपासून घेतो.

प्रश्न : हॉलो-पॉईंट म्हणजेच 'दमदम' ना? त्यावर बंदी आहे ना? पुण्यात माझ्या वडिलांकडे परवान्याचं .३२ आहे, त्यांना काडतुसं घरी भरता येतील का? — स. दे., न्यू जर्सी

उत्तर : भावंडं म्हणा, जुळी नाहीत. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात निघालेली गोळी रायफलची होती : कवच टोकाला उघडं, आत शिसं, खड्डा नाही. १८९९ च्या हेगच्या घोषणेनं बंदी आली ती युद्धापुरती. तुमच्या न्यू जर्सीत मात्र हॉलो-पॉईंट जवळ बाळगण्यावर वेगळी बंधनं आहेत, ती वाचून घ्या.

वडिलांना सांगा, नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. शस्त्र बाळगायच्या परवान्यात तो येत नाही. त्यांनी परवानाधारक दुकानातून विकतच आणावीत. आणि तुम्ही इथून सामानात डाय किंवा गोळ्या भरून नेऊ नका.