अंतर्क्रिया, आंतरक्रिया की सरळ देवघेव?

फोंड्याच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. विज्ञानदिनासाठी मुलांनी उष्ण कटिबंधातल्या समुद्रावर फलक केला आणि मथळा दिला, 'समुद्र-वातावरण अंतर्क्रिया'. मुख्याध्यापकांनी तो खोडून 'आंतरक्रिया' केला. बाई विचारतात, बरोबर कोण? आणि घरात बोलतो तसा शब्द ह्याला नाहीच का?

बाई, व्याकरणात सर जिंकले. 'अंतर्'पुढे मृदू व्यंजन आलं तर र् टिकतो: अंतर्गत, अंतर्देशीय. पुढे क किंवा प आला की त्याचा विसर्ग होतो: अंतःकरण, अंतःपुर. म्हणजे हट्टच असेल तर 'अंतःक्रिया' म्हणावं लागेल, आणि मराठी कानाला ती आतल्या आत चालणारी वाटेल. दोघांमधलं काही सांगायचं तर मराठी 'आंतर' घेते: आंतरशालेय स्पर्धा, आंतरजातीय विवाह. (संस्कृतात 'अंतर्'चा अर्थ 'मध्ये' असाही आहे, 'अंतरिक्ष' त्यातूनच आलं. ही वाटणी मराठीने आपल्या सोयीने केली.)

तरी मला 'आंतरक्रिया' रुचत नाही. शेजारी 'आंतरिक' उभा असतो, त्यामुळे वाचणारा समुद्राच्या पोटात डोकावू लागतो. 'परस्परक्रिया' त्याहून स्वच्छ. 'अन्योन्यक्रिया' बरोबर आहे, पण आठवीतल्या मुलाने ती मोठ्याने वाचून दाखवावी!

घरातला शब्द म्हणाल तर 'देवघेव'. फुप्फुसातल्या वायूंची 'देवाणघेवाण' आपण शिकवतोच, मग समुद्राने काय घोडं मारलंय? इथे तर अक्षरशः खातेवही आहे. वारा समुद्राला ढकलतो, लाटा उठवतो, वरचं पाणी घुसळतो. समुद्र वाऱ्याला ऊब आणि वाफ देतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 कॅलरी लागतात. त्या समुद्राच्या खात्यातून जातात आणि हवेला मिळतात त्या थेट वर, वाफेचे ढग होताना. मधल्या काळात ही उष्णता कुठल्याच तापमापकाला दिसत नाही, म्हणून 'अप्रकट उष्मा'. परिभाषेतल्या शब्दांपैकी हा मला फार आवडतो. पाऊस पडला की गोडं पाणी समुद्राकडे जमा.

'देवघेव' एका जागी मात्र कमी पडते. दुकानातला व्यवहार पैसे दिले की मिटतो, इथे प्रत्येक व्यवहार पुढच्याचा भाव बदलतो. मे महिन्यात लक्षद्वीप आणि केरळच्या बाजूचा अरबी समुद्र 30 अंश सेल्सिअसच्या वर तापतो. मग पावसाळी वारे येतात, पाणी घुसळतात, वाफ नेतात, वर ढगांचं छप्पर घालतात, आणि तोच समुद्र काही अंशांनी निवतो. बंगालचा उपसागर इतका निवत नाही. तिथे नद्यांचं आणि पावसाचं गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं आणि वाऱ्याला ते खाली मिसळणं जड जातं. पृष्ठभाग साधारण 28 अंशांच्या वर राहिला तर उंच ढग उभे राहायला वाव असतो, म्हणून ह्या अंश-दोन अंशांना एवढं मोल. हेच मोजायला 'सागरकन्या' जहाज 1999 च्या पावसाळ्यात उपसागरात गेलं होतं (मोहिमेचं नाव बॉबमेक्स), आणि 2002-03 मध्ये आर्मेक्स मोहिमेत अरबी समुद्रात. तेव्हा शीर्षकात 'परस्परक्रिया' ठेवा आणि खालच्या मजकुरात 'देवघेव' मोकळेपणी वापरा.

फलकावरच्या 'अभिवाह' ह्या शब्दाचंही विचारलंय. एका चौरस मीटरमधून एका सेकंदाला किती उष्णता किंवा वाफ पार झाली, तो आकडा म्हणजे अभिवाह. देवघेवीची रोजकीर्दच म्हणा. तो काढायला जहाजाच्या पुढच्या डोलकाठीवर अशी उपकरणं बसवतात, जी वाऱ्याचा प्रत्येक झोत आणि त्यातला दमटपणा सेकंदाला दहा-वीस वेळा टिपतात. जहाज स्वतः डोलत असतं, त्याचं डोलणं त्या आकड्यांतून वजा करावं लागतं. 'प्रवाह' लिहू नका, समुद्राच्या संदर्भात तो वाहत्या पाण्यासाठी आधीच अडकलेला आहे.

मुलांनी एका चित्रात खलाशी दोरीने बादली सोडून पाणी काढताना दाखवलाय, ते मात्र राहू द्या. समुद्राचं तापमान पूर्वी खरोखर असंच घेत. कापडी बादली वर येईपर्यंत वाऱ्याने पाणी थोडं निवायचं आणि नोंद खऱ्यापेक्षा कमी भरायची. जुने आकडे वापरताना ती तूट आजही भरून काढतात. म्हणजे मोजणाऱ्याच्या हातातल्या पाण्याशीसुद्धा वाऱ्याची देवघेव चालूच होती. आणि चित्राखाली 'बादली'ऐवजी 'बालदी' लिहिलंय म्हणून कोणी लाल शाई लावली असेल, तर ती पुसायला सांगा. शब्द पोर्तुगीज 'बाल्द'वरून आलाय, त्यामुळे गोव्याच्या मुलांनी लिहिलेलं रूपच मुळाला जवळचं आहे.